‘ईव्हिल’ म्हणजे नक्की काय? एका शब्दाने घातलेला घोळ

पीएचडीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मी मूळची सूक्ष्मजीवशास्त्राची. एम.एस्सी. झाल्यावर आजारांच्या इतिहासाकडे वळले, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याला जी खोड असते ती सोबत घेऊनच वळले. ती खोड म्हणजे जे दिसेल ते मोजायचं. विभागातल्या पहिल्या सेमिनारसाठी मी एक कल्पना लढवली. सतराव्या शतकातली इंग्रजी वैद्यकाची पुस्तकं आता शोधता येतील अशा रूपात संगणकावर मिळतात. त्यांत ‘ईव्हिल’ हा शब्द किती वेळा येतो ते मोजायचं. जितका जास्त येईल तितके त्या काळचे लोक आजाराकडे पाप-पुण्याच्या नजरेने बघत होते, असा निष्कर्ष काढायचा. पुढे शतकानुशतके हा आकडा खाली येतो असं दाखवलं की झालं, विज्ञान जिंकलं आणि अंधश्रद्धा हरली.

आलेख झकास दिसत होता. मी तो पडद्यावर लावला आणि गाईडनी एकच प्रश्न विचारला, “यातले किंग्ज ईव्हिल किती?”

मला प्रश्नच कळला नाही. आणि तो न कळणं हाच सगळा घोटाळा होता. आजचा लेख त्या घोटाळ्याबद्दल आहे. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करत आहेत, किंवा नुकताच प्रस्ताव लिहायला बसले आहेत, त्यांनी ही चूक माझ्या खर्चाने शिकून घ्यावी म्हणून लिहितेय.

राजाचा आजार

किंग्ज ईव्हिल हे एका आजाराचं नाव आहे. मानेत गाठी येतात, त्या सुजतात, कधी फुटून वाहतात, व्रण राहतात. आपल्याकडे याला गंडमाळ म्हणतात. वैद्यकात स्क्रोफ्युला. आज आपल्याला माहीत आहे की यातल्या बऱ्याचशा गाठी क्षयरोगाच्या, म्हणजे मानेतल्या लसिका ग्रंथींच्या टीबीच्या असतात.

लंडनमध्ये तेव्हा ‘बिल्स ऑफ मॉर्टॅलिटी’ नावाची मृत्यूंची यादी छापली जाई. कुठल्या आठवड्यात कोण कशाने गेलं याचा हिशोब. जॉन ग्राँट नावाच्या एका कापड व्यापाऱ्याने हे कागद गोळा केले, त्यांचा अभ्यास केला आणि १६६२ मध्ये एक छोटं पुस्तक काढलं. लोकसंख्याशास्त्राची सुरुवात बरेच जण तिथून मानतात. त्यात १६३२ सालची वर्षभराची यादी दिली आहे. एकूण दफनं ९५३५. क्षयाने, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ‘कन्झम्प्शन’ने, १७९७. किंग्ज ईव्हिलने ३८. आणि खून झालेले ७.

या तीन आकड्यांकडे जरा थांबून बघा. पहिले दोन आज आपण बहुतांशी एकाच जिवाणूच्या खात्यावर टाकू. तेव्हा ते दोन वेगळे आजार होते. आणि ज्या ओळीला आजच्या अर्थाने ‘ईव्हिल’ म्हणता आलं असतं, ती खुनाची ओळ. पण शब्द तिथे नाही. शब्द आहे मानेतल्या गाठींच्या ओळीत.

म्हणजे या यादीत ‘ईव्हिल’चा अर्थ दुष्टपणा नाही. पीडा, व्याधी एवढाच आहे. मिरगीला तेव्हा इंग्रजीत ‘फॉलिंग ईव्हिल’ म्हणत, म्हणजे पाडणारी पीडा. घोड्याच्या डोक्यामागे सूज येते तिला ‘पोल ईव्हिल’ म्हणत, आणि पशुवैद्यकात हे नाव पुढेही टिकलं. घोडा काय पाप करणार?

फ्रेंचमध्येही हेच. ‘माल’ म्हणजे वाईट आणि ‘माल’ म्हणजे दुखणं. ज्यांनी शरीरक्रियाशास्त्र वाचलंय त्यांनी अपस्माराचे ‘ग्रँड माल’ आणि ‘पेटिट माल’ हे प्रकार पाठ केले असतील. मोठी पीडा, छोटी पीडा. आपण परीक्षेत ते लिहून आलो, पण त्यातला ‘माल’ म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग ‘राजाचा’ का? कारण राजाने हात लावला की हा आजार बरा होतो अशी इंग्लंड आणि फ्रान्समध्ये श्रद्धा होती. इंग्लंडमध्ये ही परंपरा अकराव्या शतकातल्या एडवर्ड राजापर्यंत मागे नेत. दुसरा चार्ल्स १६६० साली गादीवर आला आणि त्याच्या कारकिर्दीत जवळपास ९० हजार माणसांना त्याने स्पर्श केला असं नोंदवह्यांवरून धरलं जातं. आधी एकदा स्पर्श झालेला नाही असा आपल्या चर्चमधून दाखला आणावा लागे, कारण राजा गळ्यात सोन्याचं पदक घाली आणि सोन्यासाठी लोक दुसऱ्यांदा यायचे! हा धंदा ओळखीचा वाटतोय ना?

फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉकने १९२४ मध्ये याच स्पर्शावर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्याने विचारलेला एक प्रश्न मला फार आवडतो. राजा बरं करत नव्हता हे आपल्याला माहीत आहे, मग इतकी शतकं लोकांचा विश्वास टिकला कसा? त्याच्या उत्तराचा एक भाग वैद्यकीय आहे. या गाठी आपोआप कमी-जास्त होतात, काही काळ बसतात, पुन्हा वर येतात. बसल्या की राजाचं यश. पुन्हा आल्या की तो वेगळा विषय.

आता माझा आलेख आठवा. मी ज्याला ‘पाप-पुण्याची भाषा’ म्हणून मोजत होते, त्यातला मोठा हिस्सा निव्वळ रोगाचं नाव होता. राजाचे शल्यवैद्य रिचर्ड वाइजमन यांनी १६७६ मध्ये या आजारावर सविस्तर प्रकरण लिहिलं. जॉन ब्राउन या दुसऱ्या राजवैद्याने १६८४ मध्ये याच विषयाला वाहिलेला ग्रंथ काढला. असं एक पुस्तक संग्रहात असलं की ‘ईव्हिल’चा आकडा आभाळाला जातो. तो दुसऱ्या चार्ल्सच्या काळात जातो, कारण तेव्हा राजस्पर्शाला जोर होता. आणि अठराव्या शतकात खाली येतो, कारण १७१४ नंतरच्या राजांनी स्पर्श करणं बंद केलं. माझ्या आलेखातला उतार विज्ञानाच्या विजयाचा कमी आणि राजघराणं बदलल्याचा जास्त होता.

लाज कुठे होती?

पण यापुढे एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची.

कोण कशाने मेलं हे ठरवायला लंडनमध्ये म्हाताऱ्या बायका नेमलेल्या असत. त्या प्रेत पाहून कारण सांगत. ग्राँटच्या लक्षात आलं की उपदंशाने, म्हणजे गरमीने, मेलेल्यांचा आकडा अशक्य वाटावा इतका कमी आहे. त्याने कारणही दिलं. घरचे लोक या बायकांना पैसे चारतात आणि त्या दुसरंच कारण लिहवतात.

म्हणजे बघा, ज्या आजाराच्या नावात ‘ईव्हिल’ आहे त्याचे रोगी दाखला घेऊन राजवाड्यासमोर रांग लावत होते. आणि ज्या आजाराच्या नावात हा शब्द नाही, तो लपवायला लाच दिली जात होती. त्या काळी आजाराला नैतिक डाग चिकटत नव्हता असं मुळीच नाही. चिकटत होता. फक्त मी ज्या शब्दाच्या मागे लागले होते, त्या शब्दापाशी तो नव्हता. शब्द मोजून मी नेमका चुकीच्या घरात शिरले होते.

‘ईव्हिल’ आणि ‘इल’ यांची अदलाबदल

हा शब्द आला कुठून? जुन्या इंग्रजीत तो ‘इव्हेल’सारखा काहीतरी उच्चारला जाई आणि त्याचा अर्थ साधा ‘वाईट’ एवढाच होता. वाईट फळ, वाईट रस्ता, वाईट माणूस, वाईट दिवस, सगळ्याला तोच शब्द. ‘बॅड’ हा आज रोज वापरतो तो शब्द इंग्रजीत बराच नंतर, तेराव्या शतकाच्या सुमाराला दिसायला लागतो. तो जसजसा पसरला तसतसं रोजचं काम त्याने उचललं आणि ‘ईव्हिल’कडे गंभीर, भारदस्त कामं उरली. घरात नवी स्टीलची भांडी आल्यावर पितळेची देव्हाऱ्यात जातात, तसं.

जर्मनमध्ये या शब्दाचा सख्खा भाऊ आहे, ‘ऊबल’. त्याचं आयुष्य वेगळं गेलं. त्याच्यापासून झालेल्या ‘ऊबलकाइट’ या शब्दाचा आजचा अर्थ आहे मळमळ! एकाच घरातले दोन भाऊ, एक सैतानाच्या दरबारी गेला, दुसरा दवाखान्यात राहिला.

आणखी गंमत ‘इल’ची आहे. आज ‘इल’ म्हणजे आजारी. पण हा शब्द इंग्रजीत आला तो उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून, साधारण १२०० च्या आसपास, आणि तेव्हा त्याचा अर्थ होता दुष्ट, वाईट. आजारी हा अर्थ पंधराव्या शतकात आला. जुन्या अर्थाच्या खुणा अजून आहेत. ‘इल विल’ म्हणजे आजारी इच्छा नव्हे, दुष्ट हेतू.

म्हणजे झालं असं की ‘ईव्हिल’ व्याधीकडून दुष्टपणाकडे सरकत गेला आणि ‘इल’ दुष्टपणाकडून व्याधीकडे. दोघांनी जागा बदलल्या.

हे एकाच ठिकाणी बघायचं असेल तर शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ उघडा. नाटक सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं, छापलं गेलं १६२३ मध्ये. पहिल्या अंकात मॅकबेथची बायको म्हणते की नवऱ्याला महत्त्वाकांक्षा आहे, पण तिच्या जोडीला लागणारी ‘इलनेस’ नाही. इथे ‘इलनेस’ म्हणजे निर्दयपणा, दुष्टपणा. चौथ्या अंकात एक वैद्य येतो, आणि मग एडवर्ड राजा लोकांना हात लावून बरं करतो त्या रोगाची चर्चा होते. त्या रोगाचं नाव काय सांगितलंय? ‘ईव्हिल’. एकाच नाटकात ‘इलनेस’ म्हणजे दुष्टपणा आणि ‘ईव्हिल’ म्हणजे आजार. आजच्या अर्थाच्या बरोब्बर उलट. आजच्या कानाने वाचलं तर दोन्ही जागा चुकतात, आणि चुकल्या हे कळतही नाही, कारण वाक्याला काहीतरी अर्थ लागतोच. हीच खरी भीती. अनोळखी शब्द आपल्याला कोशाकडे पाठवतो. ओळखीचा शब्द पाठवत नाही.

भाषांतराची किंमत

हा घोळ फक्त वैद्यकाच्या पुस्तकांपुरता असता तर ठीक. पण १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये, यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात, देव स्वतःबद्दल सांगतो की शांती मीच करतो आणि ‘ईव्हिल’ही मीच निर्माण करतो. आजच्या अर्थाने वाचलं तर वाचणारा हादरतो. देवाने दुष्टपणा निर्माण केला? मूळ हिब्रू शब्द आहे ‘रा’, आणि त्याचाही आवाका मोठा आहे, वाईटापासून संकटापर्यंत. वाक्यात त्याची जोडी लावली आहे ‘शालोम’शी, म्हणजे शांती आणि क्षेमाशी. त्यामुळे विसाव्या शतकातल्या भाषांतरकारांनी शब्द बदलले. कुणी ‘वो’ म्हणजे दुःख घातलं, कुणी ‘डिझास्टर’ म्हणजे अरिष्ट. १६११ च्या भाषांतरकारांनी चूक केली असं नाही. त्यांच्या काळी ‘ईव्हिल’मध्ये अरिष्ट सहज मावत होतं. पुस्तक तिथेच राहिलं, शब्द पुढे निघून गेला.

१७५५

या शब्दाच्या इतिहासात १७५५ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी एप्रिलमध्ये सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी कोश लंडनला प्रसिद्ध झाला. ‘ईव्हिल’ या नामाखाली त्याने दुष्टपणा, इजा, अधोगती, आपत्ती असे अर्थ दिले आणि शेवटी व्याधी, उदाहरणादाखल किंग्ज ईव्हिल. हा शेवटचा अर्थ त्याने पुस्तकातून शोधला नव्हता. लहानपणी त्याला स्वतःला गंडमाळ झाली होती. १७१२ मध्ये, अडीच वर्षांचा असताना, आई त्याला लंडनला घेऊन गेली आणि अ‍ॅन राणीने त्याला हात लावला. गुण आला नाही. मानेवरचे व्रण जन्मभर राहिले. इंग्लंडमधल्या राजस्पर्शाच्या शेवटच्या पिढीतला रोगी, तोच त्या शब्दाचा कोशकार.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, ऑल सेंट्सच्या सणादिवशी, सकाळी लोक चर्चमध्ये असताना लिस्बनला भूकंप झाला. मग समुद्राच्या लाटा, मग आग. शहर उद्ध्वस्त झालं, हजारो माणसं गेली.

त्याआधी १७१० मध्ये लाइबनित्झने या ‘वाईटा’चे तीन प्रकार पाडले होते. एक तात्त्विक, म्हणजे निर्मिलेल्या प्रत्येक गोष्टीत असणारं अपुरेपण. दुसरा भौतिक, म्हणजे दुःख आणि वेदना. तिसरा नैतिक, म्हणजे पाप. इंग्रजीत तिन्हीला ‘ईव्हिल’च म्हणतात. तेव्हाच्या अनेकांच्या मनात दुसऱ्याचा धागा तिसऱ्याशी बांधलेला होता. दुःख आलं म्हणजे कुठेतरी पाप झालं असणार. लिस्बननंतर युरोपात या धाग्यावर कडाक्याचं भांडण झालं. व्हॉल्तेअरने कवितेतून, पुढे १७५९ च्या ‘काँदीद’मधून, सगळं ठीकच चाललंय म्हणणाऱ्यांची सालं काढली. रूसोने त्याला १७५६ मध्ये पत्र लिहून वेगळाच मुद्दा काढला. सहा-सात मजली घरं एका जागी दाटीने उभी केली ती काही निसर्गाने नाही. तरुण कांटने त्याच वर्षी भूकंपाच्या नैसर्गिक कारणांवर निबंध लिहिले.

पुढे १७८८ मध्ये कांटनेच शब्दाचा मुद्दा थेट हातात घेतला. लॅटिनमध्ये ‘मालुम’ हा एकच शब्द आहे, पण जर्मन भाषेकडे सुदैवाने दोन आहेत, असं त्याने म्हटलं. ‘ऊबल’ म्हणजे जे भोगायला लागतं ते, आणि ‘ब्योजं’ म्हणजे जे इच्छेने केलं जातं ते. संधिवाताने तळमळणारा माणूस ‘ऊबल’ भोगतो, पण त्याच्यात ‘ब्योजं’ काही नाही. वेदना माणसाची किंमत कमी करत नाही.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. त्याचं कारण शेवटी सांगते.

पुन्हा गाठ बसली

आता वाटेल की इथून पुढे मार्ग सरळ. आजार एकीकडे, दुष्टपणा दुसरीकडे. माझ्या पहिल्या आलेखाला असंच वाटत होतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हाच शब्द पुन्हा रोगाला जाऊन चिकटतो, आणि या वेळी नैतिक डाग घेऊनच.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजीत ‘द सोशल ईव्हिल’ असं एकवचनात लिहिलं असेल तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा वेश्याव्यवसाय. नाव घ्यायचं नाही म्हणून हा आडवळणाचा शब्द. आणि चर्चा असायची गुप्तरोगांची, विशेषतः सैनिकांना होणाऱ्या. इंग्लंडमध्ये १८६४, १८६६ आणि १८६९ मध्ये संसर्गजन्य रोगांचे कायदे आले. भारतात तसाच कायदा १८६८ मध्ये झाला. मुंबईतही त्याची अंमलबजावणी झाली. या कायद्यांखाली स्त्रियांची नोंदणी, सक्तीची तपासणी आणि सक्तीने इस्पितळात ठेवणं होतं. पुरुषांची तपासणी नव्हती. जोसेफिन बटलर आणि इतरांनी दीर्घ लढा दिल्यावर ब्रिटनमध्ये ते १८८६ मध्ये रद्द झाले, भारतातला कायदा १८८८ मध्ये गेला.

सतराव्या शतकात ज्या रोगाचं नाव लाच देऊन लपवलं जात होतं, त्याच रोगाभोवती एकोणिसाव्या शतकात ‘ईव्हिल’ हा शब्द छापील झाला. आणि ज्या गंडमाळेला तो शब्द शतकानुशतके चिकटलेला होता, तिला त्याच सुमाराला त्यातून सुटका मिळाली. २४ मार्च १८८२ ला रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जिवाणू जाहीर केला. ज्या ऊतींत त्याला तो सापडला होता, त्यांत गंडमाळेच्या ग्रंथीही होत्या. ग्राँटच्या यादीतल्या त्या दोन ओळी अडीचशे वर्षांनी एकत्र आल्या.

मुंबईच्या पुराभिलेखात काम करणाऱ्यांनी इथे सावध राहावं. १८७० च्या आसपासच्या इंग्रजी कागदात ‘सोशल ईव्हिल’ दिसलं आणि तुम्ही ते हुंडा, बालविवाह, सती असं समजून मोजलंत, तर तुमचाही आलेख माझ्यासारखाच झकास दिसेल.

आपल्या घरात

आपण मराठीत ‘सोशल ईव्हिल्स’ला ‘अनिष्ट रूढी’ म्हणतो. अनिष्ट म्हणजे नको असलेलं. त्यात दुष्टपणाचा आरोप नाही. दुसरीकडे आयुर्वेदात लवकर न भरणाऱ्या, चिघळलेल्या जखमेला ‘दुष्ट व्रण’ म्हणतात. जखम काय दुष्टपणा करणार? पण शब्द तोच. ‘दुरित’ हा पसायदानामुळे आपल्या कानावर असलेला शब्द. संस्कृतात तो संकट आणि पाप दोन्हींसाठी येतो. आणि आपला रोजचा ‘वाईट’! वाईट माणूस, वाईट बातमी, वाईट वाटलं. पहिला नैतिक, दुसरी दुःखाची, तिसऱ्यात तर सहानुभूती आहे. उद्या कुणी परदेशी संशोधकाने मराठी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘वाईट’ मोजून महाराष्ट्रातली नीतिमत्ता ठरवली, तर आपण पोट धरून हसू. मी सेमिनारमध्ये तेच केलं होतं.

आता ते राहिलेलं कारण. मी बारावीत असताना माझ्या मावशीच्या मानेला गाठी आल्या. डॉक्टरांनी सुईने तपासणी करून ग्रंथींचा टीबी सांगितला. सहा महिने गोळ्या घेतल्या, ती बरी झाली, आज ठणठणीत आहे. पण ते सहा महिने घरात कुणी रोगाचं नाव उच्चारलं नाही. ती उन्हाळ्यातही मानेभोवती स्कार्फ बांधायची. आजी एकदा देवापुढे बसून पुटपुटली, “कुठल्या जन्मीचं पाप फेडतेय पोर!” मावशीने ते ऐकलं. गोळ्यांबद्दल तिने कधी तक्रार केली नाही, पण ते वाक्य ती अजून विसरलेली नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्राला गेले त्याच्या मुळाशी तो स्कार्फ आहे.

म्हणून कांटचा तो भेद माझ्यासाठी परीक्षेचा मुद्दा नाही. भोगणं वेगळं आणि करणं वेगळं. आजी दुष्ट नव्हती, तिच्याकडे दोन्हीसाठी एकच शब्द होता. पण मावशीला नाव न घेण्याने झोंबलं आणि नाव घेतलं ते पापाचं म्हणून झोंबलं. रोगाचं साधं नाव कुणी घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तर मग करायचं काय?

मी आलेख फाडला नाही, सुधारला. कसा, ते थोडक्यात.

आधी हाताने वाचायचं. कुठलाही शब्द मोजण्याआधी त्याची निदान शंभर उदाहरणं आजूबाजूच्या वाक्यासकट उघडा. कंटाळा येतो. तरी उघडा. पहिल्या दहातच माझा भ्रम फुटला असता.

मग त्या काळचा कोश. आजचा कोश आजचा अर्थ सांगतो. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश ऐतिहासिक तत्त्वावर आहे, कुठला अर्थ कधी दिसला ते त्यात उदाहरणासह कळतं. एकोणिसाव्या शतकातल्या मराठीसाठी मोल्सवर्थ, आणि इंग्रजी-मराठीसाठी १८४७ चा मोल्सवर्थ-कँडी, हे हाताशी ठेवा.

स्पेलिंगकडे लक्ष. सतराव्या शतकात या शब्दात ‘व्ही’च्या जागी ‘यू’ छापत, शेवटी कधी दोन ‘एल’, आणि ‘किंग्ज ईव्हिल’ कधी जोडून तर कधी तोडून. यंत्राला हे सांगितलं नाही तर अर्धी उदाहरणं निसटतात.

उलटा धोकाही आहे. किंग्ज ईव्हिल म्हणजे टीबीच असंही ठोकून देऊ नका. तेव्हा मानेतली सूज बघून निदान होत होतं, जिवाणू बघून नाही. कितीतरी वेगळ्या सुजा त्या नावाखाली गेल्या असतील. जुन्या शब्दावर आजचं पाप लादू नये, तसंच आजचं निदानही लादू नये.

आणि सगळ्यात शेवटी, आपण शब्द शोधतोय की गोष्ट, हे प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहा. मला शोधायचा होता आजाराला चिकटलेला डाग. तो मला ‘ईव्हिल’ या शब्दात मिळाला नाही, ग्राँटने टिपलेल्या त्या लाचेत मिळाला. तिथे कुणी काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून यंत्राला तो सापडणारच नव्हता.

गाईडच्या त्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या सेमिनारला मी दिलं. आकडा सांगितला, त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न टाकला, “आणि ज्यांनी नाव लिहिलंच नाही, ते कसे मोजणार?”

त्यावर अजून काम चालू आहे.